वाचकांचे प्रश्न : कोऱ्या कापडाचे ठिगळ

प्रश्न : बायबलमध्ये मत्तय 9:16 आणि मार्क 2:21 मध्ये जुन्या वस्त्राला 'कोऱ्या कापडाचे ठिगळ' कोणी लावत नाही असे आहे. मूळ ग्रीकमध्ये 'नवे' असाच शब्द आहे ना? मग 'कोरे' कशाला? (एक वाचक, वसई)

उत्तर : दोन्ही ठिकाणी शब्द आहेत 'राकोस आग्नाफोस', आणि त्यांना 'कोरे' हाच चपखल प्रतिशब्द आहे. 'नवे' म्हटले की अर्थ निसटतो.

राकोस म्हणजे कापडाचा तुकडा. होमरच्या काव्यात भिकाऱ्याच्या वेशातल्या ओडिसियसच्या अंगावरच्या चिंध्या हाच शब्द घेऊन येतात, आणि यिर्मयाला विहिरीतून वर ओढताना त्याच्या काखेत घालायला दिलेली जुनी फडकी ग्रीक जुन्या करारात 'राकोस'च आहेत. इथे मात्र चिंधी हा अर्थ बसत नाही, कारण पुढचे विशेषण आडवे येते. आग्नाफोसमधला 'आ' आपल्या 'अ'सारखा नकारार्थी, आणि उरलेला भाग 'ग्नाफेउस'शी नात्यातला. ग्नाफेउस म्हणजे मागावरून उतरलेल्या लोकरी कापडावर पक्के संस्कार करणारा कारागीर. मार्क 9:3 मध्ये वस्त्रे शुभ्र करणारा म्हणून तोच आला आहे. त्याच्या हातून न गेलेले कापड ते आग्नाफोस.

हा कारागीर करायचा काय? कापड हौदात घालून शिळे मूत्र किंवा चिकणमाती मिसळलेल्या पाण्यात पायांनी तुडवायचा. शिळ्या मुत्रातला अमोनिया लोकरीचा तेलकटपणा काढतो; माती तो शोषून घेते. (आपली मुलतानी माती त्याच जातीची.) मग भरपूर पाण्यात खळबळायचे, काटेरी बोंडांनी पृष्ठभाग विंचरून लव उठवायची आणि ती कात्रीने सारखी करायची. तुडवताना खरे काम होते ते निराळेच. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकतात, कापड आटते, घट्ट होते आणि पुन्हा सैल होत नाही.

आता ठिगळ पाहा. जुने वस्त्र जेवढे आटायचे तेवढे आटून बसलेले, आणि झिजलेलेही. त्यावर कच्चा तुकडा चारही बाजूंनी शिवला की पहिल्याच धुण्यात तुकडा आटतो, वस्त्र आटत नाही. ओढ सगळी शिवणीवर येते. टाका तुटत नाही, टाक्यालगतचे जुने धागे तुटतात. म्हणून 'छिद्र मोठे होते'. दोष नवेपणाचा नाही. तुडवून आटवलेले नवे कापड लावले असते तर ठिगळ टिकले असते. 1611च्या इंग्रजी भाषांतरात मजकुरात 'नवे' छापून समासात 'कच्चे' अशी टीप आहे. मराठीत समासाची गरज पडत नाही, कारण पाणी न लागलेल्या, खळ न गेलेल्या कापडाला आपण कोरेच म्हणतो.

प्रश्न : लूक 5:36 मध्ये तर नव्या वस्त्राचाच तुकडा आहे. तिथेही हेच का? (तेच वाचक)

उत्तर : नाही. लूकने आग्नाफोस वापरलेला नाही. तिथे 'काइनोस', म्हणजे नवे. नवे वस्त्र फाडून तुकडा काढायचा, म्हणजे नवे गेले आणि तुकडा जुन्याला शोभतही नाही. तिथे आटण्याचा मुद्दा नाही. प्रवचनात तिन्ही उतारे एकत्र केले की हा फरक हरवतो.

प्रश्न : रविवारच्या शाळेत मुलांना हे करून दाखवता येईल का? (एक शिक्षिका, मिरज)

उत्तर : येईल. लोकर मिळणे अवघड, म्हणून सुती घ्या. न धुतलेला मांजरपाट आणि वर्षानुवर्षे धुऊन विरलेले धोतर किंवा चादर. मांजरपाटावर 20 सेंमी अंतरावर पक्क्या शाईचे दोन ठिपके द्या. तुकडा चारही बाजूंनी बारीक टाक्यांनी शिवा, गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, चोळून धुवा, वाळवा आणि ठिपक्यांतले अंतर मोजा. शेकडा 5 आटले तरी 1 सेंमीचा फरक दिसतो. इस्त्री आधी करू नका, चुण्या नाहीशा होतात.

टाके लांब घातले तर ओढ त्यांतच जिरते. जुने कापड पुरेसे विरलेले नसेल तर फाटत नाही, नुसते गोळा होते; शिवणीलगत बोटांनी हलके ताणून दाखवा. टेरिकॉट घेऊ नका, ते आटतच नाही म्हटले तरी चालेल. मुलांना एवढे मात्र सांगा की सुती कापड आटते ते मागावर ताणलेले धागे ओले होऊन सैलावल्यामुळे. खवल्यांचा खेळ फक्त लोकरीचा.

प्रश्न : पुरताना येशूला गुंडाळलेले वस्त्र राकोसच होते का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नव्हे. ते 'सिंदोन', तागाचे (म्हणजे लिननचे, गोणपाटाच्या तागाचे नव्हे) अखंड वस्त्र. अरिमथाईकर योसेफाने ते विकत आणल्याचे मार्क 15:46 सांगतो. योहान त्याऐवजी 'ओथोनिया', म्हणजे तागाची वस्त्रे, असा अनेकवचनी शब्द वापरतो आणि डोक्याच्या रुमालाला 'सुदारिओन' म्हणतो. तो शब्द लॅटिनमधून आलेला, मूळचा घाम पुसायचा रुमाल.