शेवाळ शेती करून डिझेल विकता येतं का? तापीकाठी एक एकर चोपण जमीन आहे, सल्ला हवा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चोपडा तालुक्यात तापीकाठी एक एकर चोपण आहे, त्यात काही पिकत नाही. एक माणूस येऊन सांगून गेला की प्लास्टिक अंथरून हौद करा, बी आम्ही देतो, शेवाळ वाढवा, तेल काढायला आम्हीच विकत घेऊ. खर्च बारा लाख, निम्म्याला कर्ज. करू का, असं तुम्ही विचारलंय.

डिझेलसाठी करू नका. शेणाची स्लरी किंवा सांडपाणी साफ करायचं असेल तर करा, पण ते गोठ्यामागच्या कोपऱ्यात. त्याला एकर लागत नाही.

मी २२ वर्षं एका दूध प्रक्रिया कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्रकल्पावर, ऑपरेटर होतो. आता अमळनेरजवळ घरी ११ म्हशी आहेत, गोबरगॅस आहे आणि गेली तीन वर्षं शेवाळाचे दोन हौद चालवतोय. पहिला हौद भरला त्या दिवशी आई काठी टेकत आली आणि म्हणाली, "लोक तयामा मोरचूद टाकतस, आनि तू शेवाय पायस?" म्हणजे लोक तळ्यात मोरचूद टाकून शेवाळ मारतात आणि तू ते पाळतोस? खरंच आहे तिचं. शेततळं हिरवं झालं की सँड फिल्टर तुंबतो, ठिबकच्या नळ्या बंद पडतात, म्हणून अख्खा खान्देश शेवाळाच्या मागे हात धुऊन लागलेला. आणि तुम्हाला मला त्याचीच शेती करायची हौस.

आधी तुमच्या एकराचा हिशेब. कागद घ्या, हे त्या माणसासमोरही करता येईल. एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर. उघड्या हौदात वर्षभराची सरासरी धरली तर चौरस मीटरला दिवसाला १० ग्रॅम सुकं शेवाळ हा चांगला आकडा आहे. उत्तम देखभालीत २० पर्यंतही जातं, पण आपण १० धरू. झालं दिवसाला ४० किलो. त्यात तेल २० टक्के, म्हणजे ८ किलो, फार तर ९ लिटर. डिझेल ९० रुपये धरा. ८०० रुपये रोज. ऐकायला वाईट नाही.

आता दुसरी बाजू. हौदाच्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम शेवाळ असतं. ४० किलो हाती यायला रोज ८० हजार लिटर पाणी गाळायचं. गाळलेलं वाळवायचं, वाळलेल्यातून तेल काढायचं, तेलाचं डिझेल करायचं. आपल्याकडे मे महिन्यात हौदातून दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडालं तरी एकरी ४० हजार लिटर गेलं, ते रोज नव्यानं भरायचं. आणि शेवाळ हवेवर वाढत नाही. सुक्या शेवाळात सात टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन असतो. ४० किलोला पावणेतीन किलो नायट्रोजन, म्हणजे सहा किलो युरिया रोज. आठवड्याला जवळपास एक गोणी. युरिया तयार होतो नैसर्गिक वायूपासून. म्हणजे गॅस जाळून युरिया, युरिया टाकून शेवाळ, शेवाळातून ९ लिटर तेल. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

हे मी शोधलेलं नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं १९७८ ते १९९६ अशी १८ वर्षं यावर कार्यक्रम चालवला. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला हजार चौरस मीटरचे हौद करून बघितले. प्रयोगशाळेतलं निवडक, तेलवालं शेवाळ सोडायचे आणि काही दिवसांत तिथलं गावठी शेवाळ त्याला हुसकून हौद ताब्यात घ्यायचं. थंड रात्रींनी वाढ मार खायची ती वेगळीच. शेवटी निघालं ते हे, की सगळं मनासारखं झालं तरी खनिज तेलाच्या भावाला हे पुरत नाही. पुढे २००९ मध्ये एक्सॉनमोबिलनं ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा करून हेच हाती घेतलं आणि २०२२ संपता संपता हात काढून घेतला. तेल कंपनीला जे जमलं नाही ते आपल्या चोपणीत बारा लाखांत जमेल, असं सांगणाऱ्याचं मला कौतुकच वाटतं. आपण वनएरंड (जट्रोफा) लावून बसलेले लोक आहोत. बायोडिझेल म्हणून बांधाबांधावर लावला होता, आठवतं ना? इमूची पिल्लंही कोणीतरी "आम्हीच विकत घेऊ" म्हणून दिली होती.

आता मी हौद का ठेवलेत ते सांगतो.

ईटीपीवर असताना आमचं अर्ध्याहून जास्त वीजबिल ब्लोअरचं असायचं. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात, पण त्यांना ऑक्सिजन लागतो. तो देण्यासाठी ब्लोअर रात्रंदिवस घोंघावत हवा फुंकत राहतो. ब्लोअर दोन तास बंद पडला की टाकी काळी आणि वास असा की गेटवरचा वॉचमन फोन करायचा. जगभरात बहुतेक अशा प्रकल्पांचं हेच रडगाणं आहे. ५० ते ६० टक्के वीज नुसती हवा फुंकण्यात जाते.

शेवाळ तेच काम उन्हावर करतं. जिवाणू घाण खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो शेवाळ घेतं. शेवाळ ऑक्सिजन सोडतं, तो जिवाणू घेतात. जाता जाता अमोनिया आणि फॉस्फरसही शेवाळ ओढून घेतं. कॅलिफोर्नियात बर्कलीला विल्यम ऑस्वाल्ड नावाच्या संशोधकानं १९५० च्या दशकात हे जमवलं. फूटभर खोल, घोड्याच्या शर्यतीच्या मैदानासारखा लांबट गोल हौद आणि पाणी हलतं ठेवायला एक पंखाचं चाक, बस. आजही जगात जिथं हे चालतं तिथं बहुतेक ठिकाणी आराखडा हाच. किलोभर शेवाळ वाढताना दीड किलोच्या आसपास ऑक्सिजन पाण्यात सोडतं. ब्लोअरनं एवढा ऑक्सिजन पाण्यात मुरवायला एक ते दीड युनिट जातं. म्हणजे तुमच्या त्या ४० किलोंनी ४० ते ६० युनिटं वाचवली, आणि तीही गाळणं, वाळवणं, पिळणं काही न करता. शेवाळाची खरी ऊर्जा ही आहे. ती बाटलीत भरता येत नाही, म्हणून कोणी विकायला येत नाही.

माझं नुकसान कसं झालं तेही ऐका, म्हणजे तुमचं होणार नाही. दहा बाय तीन मीटरचे दोन हौद, जाड पॉलिथिन, पाणी नऊ-दहा इंच. चाकासाठी बंद पडलेल्या कडबाकुट्टीची अर्ध्या एचपीची मोटर बसवली. मोठ्या थाटात चालू केली. महिन्यानं बिल बघून मुलगा म्हणाला, आप्पा, हे काय? अर्धा एचपी चोवीस तास म्हणजे नऊ युनिट. माझ्या हौदात शेवाळ होत होतं दिवसाला अर्धा किलो, म्हणजे ऑक्सिजन पाऊण किलो, म्हणजे वाचलेली वीज जेमतेम अर्धं युनिट. अर्ध्या युनिटाच्या कामासाठी नऊ युनिट जाळत होतो! २२ वर्षं मीटर वाचलेला माणूस मी. मग ती मोटर काढली आणि भंगारातून ट्रकच्या वायपरच्या १२ व्होल्टच्या दोन मोटरी आणल्या, वर सौर पॅनेल. दिवसा फिरतात, रात्री थांबतात. पाणी इतकं सावकाश चालतं की वर टाकलेलं निंबाचं पान हौदाला फेरी मारायला दीड-दोन मिनिटं घेतं. तेवढं पुरतं. शेवाळ खाली बसू नये आणि प्रत्येकाला ऊन मिळावं एवढंच हवं.

दुसरी ठेच स्लरीची. गोबरगॅसची स्लरी सरळ सोडली तर पाणी चहासारखं होतं, ऊन आतच जात नाही, शेवाळ मरतं. मी एकास पंधरा पातळ करतो. त्यासाठी नवीन पाणी घेत नाही, गोठा धुतलेलंच घेतो. आधी एका टाकीत रात्रभर ठेवून चोथा खाली बसवायचा, वरचं पाणी हौदात. तुमच्याकडे म्हशी नसतील, गोठ्याचं पाणी नसेल, तर इथंच थांबा. शेवाळासाठी बोअरचं पाणी उपसणं हा आपल्या भागात गुन्हा धरला पाहिजे.

आणि मे महिना. पहिल्या वर्षी रविवारी हौद पोपटी हिरवा होता. बुधवारी सकाळी पाहिलं तर पाणी फिकट तपकिरी, तळ दिसतोय. ओंजळीत घेतलं तर मोहरीहून बारीक पांढुरके ठिपके झटके देत उड्या मारत होते. जलपिसू. एकदा त्यांनी घर केलं की दोन-तीन दिवसांत हौद चरून फस्त करतात, टोळधाडीसारखं. त्यात दुपारी उथळ पाणी चांगलंच तापलेलं, शेवाळ आधीच अर्धमेलं. एक हौद पूर्ण उपसून वाळवला आणि दुसऱ्यातल्या पाण्याचं विरजण लावून पुन्हा सुरू केला. तेव्हापासून सांगतो, हौद दोन करा, लहान करा. आता एप्रिल-मे मी वर पन्नास टक्क्यांचं हिरवं शेडनेट टाकतो आणि उत्पन्न निम्मं झालं तरी चालवून घेतो.

शेवाळ काढायचं कसं, हा खरा छळ. आधी जुन्या धोतरातून गाळलं. दोन बादल्यांत धोतर चक्का बांधल्यासारखं घट्ट, थेंब पडेना. शेवग्याच्या बियांची पूड टाकून बघितली. गाळ झटकन बसतो, पण रोज इतक्या बिया आणायच्या कुठून? शेवटी काहीच न करण्यातच उत्तर सापडलं. स्लरीवर वाढलेलं शेवाळ जिवाणूंना धरून गुठळ्या करतं. रोज काढायचं पाणी शंकूसारख्या टाकीत रात्रभर शांत ठेवलं की सकाळी खाली हिरवा लगदा आणि वर बऱ्यापैकी नितळ पाणी. ते पाणी नेपियर गवताला पाटानं देतो. ठिबकला देत नाही, कारण आई म्हणते तेच होईल.

लगद्याचं दोन तऱ्हेनं करतो. थोडा निंबूच्या आळ्यात, बाकी गोबरगॅसमध्ये. नुसता लगदा घातला तर फार फायदा नाही. शेवाळाची कातडी जाड, पचायला जड, शिवाय नायट्रोजन जास्त आणि कार्बन कमी, त्यामुळे गोबरगॅसच्या टाकीत अमोनिया वाढतो. कार्बनवालं काही सोबत लागतं. आपल्याकडे ते रस्त्यावर पडलेलं असतं, केळीचे खांब. यावल-रावेरकडून येताना घड कापून झालेल्या बागा बघा, फेकायला जागा नसते. बारीक तुकडे करून लगद्याबरोबर घालतो. आता खरं विचाराल तर माझ्या अर्ध्या किलो शेवाळाचा गॅस म्हणजे चार-पाच किलो शेणाच्या गॅसएवढा. शेगडीवर फरक दिसत नाही. बायकोला विचारा, ती हसेल.

मोठ्या मापात मात्र दिसतो. स्पेनमध्ये चिक्लाना नावाच्या गावी २०११ पासून युरोपीय संघाच्या मदतीनं गावाच्या सांडपाण्यावर शेवाळ वाढवलं, त्याचा गॅस करून त्यावर गाड्या चालवून दाखवल्या. पण तिथं पाणी फुकट, घाण फुकट आणि ते साफ करणं नगरपालिकेचं कामच होतं. इंधन हा वरचा बोनस. आपल्या तालुक्याच्या गावांचे नाले तापीत, पांझरेत, बोरीत जातात. हा हौद शोभेल तो तिथं, नगरपालिकेच्या जागेवर. एका शेतकऱ्याच्या कर्जावर तो शोभत नाही.

मला मिळालं काय? गोठ्यामागे वास नाही, माश्या निम्म्यावर आल्या, शेजाऱ्यांच्या विहिरीकडे जाणारा काळा ओहोळ बंद झाला. त्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं, आता त्यांच्याकडून भरताची वांगी येतात. पैशात धरलं तर वर्षाला थोडा युरिया वाचला, एवढंच.

दोन गोष्टी राहिल्या. हे शेवाळ गुरांना घालू नका. सांडपाण्यातलं काय काय त्यात उतरतं याचा भरवसा नाही, आणि निळ्या-हिरव्या जातीतली काही शेवाळं विषारी असतात. खाण्याचं स्पिरुलिना वेगळं, ते स्वच्छ पाण्यात खायचा सोडा घालून करतात, तो धंदा वेगळा आणि त्याचं गिऱ्हाईक आधी शोधावं लागतं. गुरांना हिरवं हवं असेल तर अझोला लावा. ते शेवाळ नाही, पाण्यावरचं नेचं आहे, आणि म्हशी आवडीनं खातात.

त्या माणसाकडून एकच कागद मागा. त्यांच्या चालू असलेल्या कुठल्याही एका हौदाचं मे महिन्याचं वीजबिल, आणि त्याच महिन्यात निघालेलं तेल किती लिटर. माझ्याकडेही एक जण आला होता, त्याला हेच मागितलं. "मेल करतो" म्हणाला. गेल्या दिवाळीची गोष्ट आहे.