पोर्ट मुरते कुठे?

प्रश्न : गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं पोर्तुगालला जाऊन आलो. पोर्तो शहरासमोर नदीपलीकडे गाया आहे, तिथलं पोर्ट वाईनचं एक तळघर बघितलं. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "पोर्टची द्राक्षं पिकतात वर दोरू नदीच्या खोऱ्यात, पण वाईन मुरते ती इथेच. तिला समुद्राची हवा लागते." दुसऱ्या दिवशी रेल्वेने त्या खोऱ्यातल्या पिन्यांवला गेलो. तिथला मळेवाला हे ऐकून हसला. म्हणाला, "आमची पिंपं इथेच असतात आणि छान मुरतात." दोघांतलं खरं कोण?
— अ. गो., ठाणे

उत्तर : दोघंही खरं बोलले, पण दोघांनीही अर्धंच सांगितलं. त्याआधी एक शब्द दुरुस्त करते. तुम्ही बघितलं ते तळघर नव्हे, वखार. गायातल्या या इमारती बहुतेक जमिनीवरच उभ्या आहेत, फक्त आत शिरल्यावर थंडाव्यामुळे आणि अंधारामुळे जमिनीखाली आल्यासारखं वाटतं. दुसरा शब्द तुम्ही अगदी बरोबर वापरलात : पिंप. पोर्तुगीज लोक पोर्टच्या त्या लांबट पिपाला 'पीपा' म्हणतात, आणि आपलं पिंप तिथूनच आलं आहे. बटाटा, चावी, पगार आले त्याच गलबतातून म्हणा ना! दोरूत एका पीपात साधारण ५५० लिटर वाईन मावते.

आता हवेकडे येऊ. मी नाशिकची, द्राक्षाच्या गावची. शिक्षण संपल्यावर गायातल्या एका वखारीत सात महिने उमेदवारी केली. मनात होतं की पहिल्याच दिवशी पेला हातात देतील, चव घ्यायला शिकवतील. मुकादमांनी हातात दिली पाण्याची नळी. जुलै महिना होता. म्हणाले, जमीन भिजव. आपण अंगणात सडा घालतो तसा मी दोन पिंपांच्या रांगांमधल्या मातीवर सडा घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी विचारलं, हे किती दिवस? ते म्हणाले, उन्हाळा संपेपर्यंत. त्या ओल्या मातीनेच मला पोर्टचा पहिला धडा दिला.

लाकूड बंद दिसतं, पण श्वास घेतं. पिंपातून पाणी आणि अल्कोहोल बाहेर जात राहतात आणि हवा हळूहळू आत येते. गायात वर्षाला साधारण २ टक्के वाईन अशी उडून जाते. तिथे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण वीस वर्षांचा हिशोब केला तर पिंपातला जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. म्हणून एका पिंपातलं दुसऱ्यात ओतून भरती करत राहावं लागतं. हवा जितकी गरम आणि कोरडी, तितका हा वाटा मोठा. गाया समुद्रापासून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे. शिवाय ते नदीच्या दक्षिण काठावर असल्यामुळे त्याचा उतार उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे वखारींवर ऊन तिरपं पडतं. भिंती जाड ग्रॅनाइटच्या, छपरं कौलारू. पोर्तोत ऑगस्टमधल्या दुपारीही पारा सरासरी २५ अंशांच्या आसपास असतो. त्यात भिजवलेल्या जमिनीतलं पाणी उडून जाताना हवा गार करतं. माठातलं पाणी ज्या न्यायाने गार राहतं, त्याच न्यायाने ही वखार गार राहते.

आता पिन्यांव. मध्ये मारावं नावाचा डोंगर आडवा येतो. सह्याद्रीने अडवलेल्या पावसामुळे पलीकडे माण-खटाव जसे कोरडे राहतात, तसंच या डोंगराने दोरूचं खोरं कोरडं ठेवलं आहे. जमीन पाटीच्या दगडाची, दिवसभर तापून रात्री उष्णता सोडणारी. तिथे एक म्हण आहे : नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. उन्हाळ्यात चाळिशी पार करणं तिथे नवलाचं नाही. अशा ठिकाणी साध्या कौलारू गोदामात पिंप ठेवलं की वाईन लवकर म्हातारी होते. रंग झपाट्याने तपकिरी होतो आणि वास काकवीकडे झुकतो. इंग्रज व्यापाऱ्यांनी या चवीला 'दोरूची भाजणी' अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नव्हतं.

एकदा मुकादमांनी माझ्यासमोर दोन पेले ठेवले आणि सांगितलं काहीच नाही. एकाचा रंग जुन्या विटेसारखा, वास अक्रोड आणि वाळलेल्या अंजिराचा. दुसरा जास्त गडद तपकिरी, अगदी गुळाच्या ढेपेसारखा, आणि नाकाशी नेताच हलका तिखट झणका. मी म्हटलं, दुसरी दुप्पट जुनी आहे. ते हसले. दोन्ही एकाच वर्षाच्या होत्या, दुसरी दहा वर्षं वर खोऱ्यात राहिली होती. एक कबूल करते : मला ती दुसरीही आवडली. मुकादमांना हे सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

मग मळेवाला हसला का? तर गायाची मक्तेदारी नुसत्या हवेने आलेली नाही. तेराव्या शतकात नदीतल्या व्यापाराच्या करावरून पोर्तोचा बिशप आणि राजा यांच्यात तंटा होता, आणि राजा तिसरा अफोंसू याने १२५५ मध्ये समोरच्या काठावरच्या गायाला सनद दिली. त्यात पुढे व्यापाऱ्यांच्या वखारी तिथे फोफावल्या. खरी सक्ती आली १९२६ साली. त्या वर्षीच्या कायद्याने ठरलं की निर्यात होणारी पोर्ट गायातूनच मुरून जहाजावर चढली पाहिजे. म्हणजे ज्याची वखार गायात नाही, तो मळेवाला स्वतःच्या नावाने परदेशी बाटली विकू शकत नव्हता. त्याने वाईन करायची आणि खाली मोठ्या कंपनीला घालायची. १९८६ मध्ये हे बंधन उठलं आणि खोऱ्यातल्या मळ्यांना थेट निर्यात करता येऊ लागली. तुमच्या त्या मळेवाल्याच्या हसण्यात साठ वर्षांचा हिशोब आहे.

आज चित्र आणखी बदललं आहे. राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या नावांतून पिंपं खाली आणायची पद्धत १९६०च्या दशकात संपली. आता त्या नावा जाहिरातीसाठी काठाला बांधलेल्या असतात आणि २४ जूनला, सेंट जॉनच्या सणाला, त्यांची शर्यत लागते. वाईन टँकरने येते, आणि गायाच्या बोळांत टँकर वळवणं म्हणजे आपल्या बुधवार पेठेत ट्रक घालण्यासारखं. त्यामुळे अनेक मोठ्या कंपन्यांनी आपला बराचसा साठा वर खोऱ्यात नेला आहे, पण जुन्या गोदामांत नाही. जाड उष्णतारोधक भिंती, थंड हवा, पाण्याचे फवारे. थोडक्यात, गायाची हवा विकत घेऊन तिथे बसवली आहे. आणि गायातल्या काही रिकाम्या वखारींची हॉटेलं आणि संग्रहालयं झाली. तिथलं वर्ल्ड ऑफ वाइन २०२० मध्ये उघडलं.

मला विचाराल तर वाईन कुठली, यावर उत्तर ठरतं. रुबी पोर्ट मोठ्या टाक्यांत दोन-तीन वर्षं राहते, तिला जागेचा फारसा फरक पडत नाही. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच उत्तम वर्षाच्या द्राक्षांची, तर लाकडात दोनेक वर्षंच असते, मग बाटलीत जाते आणि तिथेच मुरते. पण टॉनी, म्हणजे दहा, वीस, चाळीस वर्षं छोट्या पिंपात काढणारी, हिच्यासाठी मी गायाच्या ओल्या मातीवर पैसे लावीन. एकाच वर्षाच्या द्राक्षांची, किमान सात वर्षं लाकडात राहिलेली कुल्येता नावाची पोर्ट मिळते. ती मात्र एखाद्या छोट्या मळ्यातली, वर खोऱ्यातच मुरलेली मिळाली तर सोडू नका. तिच्यात थोडी काकवी असेल. असू दे.

प्रश्न : आमच्या नातीच्या जन्मसालची, २०१७ची, व्हिंटेज पोर्ट जावईबापूंनी लिस्बनहून आणली. तिच्या लग्नात उघडायची असं ठरलंय. सध्या माळ्यावर गादीत गुंडाळून ठेवली आहे. चालेल ना?
— वि. दे., नागपूर

उत्तर : काका, हे उत्तर वाचता वाचता माळ्यावर चढा आणि बाटली खाली काढा. आणि चढताना जपून.

वर्ष छान निवडलंय. २०१६ आणि २०१७ या सलग दोन वर्षांत पोर्टच्या बहुतेक मोठ्या घराण्यांनी व्हिंटेज जाहीर केली होती, म्हणजे त्या वर्षाची वाईन या दर्जाची ठरवली होती, आणि असं क्वचितच घडतं. मुलाच्या जन्मसालची पोर्ट ठेवून तो मोठा झाल्यावर उघडायची, ही पद्धतही जुनीच आहे. चांगली व्हिंटेज वीस-तीस वर्षं सहज मुरते, तेव्हा नात पंचविशीत लग्नाला उभी राहिली तर वाईन अगदी ऐन भरात असेल. अडचण एकच : नागपूरच्या मे महिन्यातला माळा दोरूच्या नरकाला लाजवेल असा असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. परत आल्यावर नाशिकच्या फ्लॅटमध्ये मी एक चांगली बाटली स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवली, 'दोन महिन्यांत जागा बघू' म्हणून. एप्रिल, मे, जून झाले. जूनमध्ये मुंग्यांची रांग लागली म्हणून वर बघितलं, तर बूच अर्धा इंच वर आलं होतं आणि मानेवरून चिकट ओघळ आलेला. उष्णतेने वाईन फुगते, बूच ढकलते, गार झाली की आकसते आणि हवा आत ओढते. असे चारदोन उन्हाळे म्हणजे काम तमाम.

बाटलीला पाहिजे १२ ते १५ अंश, तेही वर्षभर एकसारखे, अंधार, आणि आडवं झोपणं, म्हणजे बूच वाईनने ओलं राहतं. घरातला फ्रिज यासाठी नाही. तिथे ती मुरायची जवळजवळ थांबते, आणि कोरड्या थंडीत वर्षानुवर्षं बूच सुकतं. वाईनसाठीचा छोटा कूलर घेऊन १४ अंशांवर लावलात तर उत्तम. वीज गेली तरी घाबरू नका, दार बंद ठेवलं तर आतलं तापमान काही तास फारसं हलत नाही. कूलर नको असेल तर घरातली सर्वांत खालची, आतली, बाहेरची भिंत नसलेली खोली शोधा आणि थर्माकोलच्या पेटीत ठेवा. पण मग लग्नाची वाट बघू नका, नातीच्या दहावीला उघडा. मोठ्यांनीच प्यायची आहे, तिला काही फरक पडणार नाही. किंवा थंड गावातल्या एखाद्या नातलगाच्या स्वाधीन करा, भरवशाच्या. हा शेवटचा शब्द महत्त्वाचा.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसेल. मग मलमलच्या धुतलेल्या कापडातून हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओता आणि दोन-तीन दिवसांत संपवा. पाहुणे असतील, संपेल.

प्रश्न : गोव्याहून आणलेली पोर्ट वाईन किती वर्षं ठेवली तर चांगली होते?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एकही नाही. बाटलीच्या मागे अल्कोहोलचं प्रमाण वाचा. दोरूच्या पोर्टमध्ये आंबणं अर्ध्यावर थांबवायला द्राक्षाचं ७७ टक्के अल्कोहोल ओततात, त्यामुळे गोडवा शिल्लक राहतो आणि वाईन १९ ते २२ टक्क्यांची होते. तीच ताकद तिला दशकानुदशकं टिकवते. तुमच्या बाटलीवर त्याहून बराच कमी आकडा असेल, तर ती गोड, साधी, लगेच प्यायची वाईन आहे. त्यात कमीपणा काही नाही. थंड करून, तळलेल्या मोदकांबरोबर मी स्वतः आवडीने घेते. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा.

प्रश्न : '२० वर्षं' लिहिलेली टॉनी पोर्ट गेली आठ वर्षं शोकेसमध्ये आहे. म्हणजे आता ती २८ वर्षांची झाली का?
— शा. जो., पुणे

उत्तर : नाही हो ताई. तो आकडा पिंपातल्या मुरण्याचा. वेगवेगळ्या वयाच्या पिंपांचं मिश्रण करून ती वीस वर्षांच्या चवीला आणतात आणि तिथली सरकारी संस्था चाखून मान्यता देते. बाटलीत गेल्यावर ती पुढे काही मिळवत नाही. मागच्या चिठ्ठीवर बाटली भरल्याचं साल छापलेलं असेल, ते बघा. शोकेसमधल्या दिव्याने ती थोडी उतरली असेल, वाया गेली नसेल. तासभर फ्रिजमध्ये ठेवा आणि या रविवारी उघडा. उघडल्यावर फ्रिजमध्ये महिनाभर छान राहते, कारण हवेची सवय तिला पिंपातच झालेली असते. आणि हो, बूच वरून काळ्या टोपीचं, हाताने निघणारं असेल, तर ती इतकी वर्षं उभी ठेवलीत ते बरोबरच केलंत.