शासन निर्णय वाचताना 'वाचा' सोडू नकोस

राज्याच्या धोरणांवर काम करणाऱ्या संस्थेत रुजू होतेयस, फार छान वाटलं. सुरुवातीलाच अहवाल लिहायची घाई करू नकोस. आधी शासन निर्णय, म्हणजे जीआर, वाचायला शीक. त्यात वर 'वाचा' या मथळ्याखाली आधीच्या निर्णयांचे क्रमांक नि तारखा असतात. नवखे नेमकं तेच गाळतात. एकेक मागे काढत गेलीस की योजनेचे निकष कधी कडक झाले, कधी सैल, ते आपोआप उलगडतं. शेवटची 'प्रत' यादीही बघ. कागद कुणाकुणाच्या टेबलावर जाणार, ते तिथे कळतं.

अर्थसंकल्पातली नुसती तरतूद पाहून मत देऊ नकोस. सुधारित अंदाज (वर्षात पुढे बदललेले आकडे), पुरवणी मागण्या (नंतर मागितलेला जादा निधी) आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी मांड. ही तफावत फार कमी लोक तपासतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुन्या संदर्भांसाठी १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचं ग्रंथालय पुण्यात डेक्कनलाच आहे.

आणि अधूनमधून मुळशी किंवा भोरच्या पंचायत समितीत जा. निधी कुठल्या टप्प्यावर अडकतो, हे तिथे भेटणारा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) चहा पिता पिता सांगेल. वही सोबत ठेव.