बेळगावच्या हद्दीलगत एन.ए. (बिगरशेती) झालेला प्लॉट घेतोय. 'बुडा'ची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी वेगळी लागते का? तिथे ठरवतं कोण?

हो, वेगळी लागते, नुसत्या एन.ए.वर प्लॉट घेऊ नका. एन.ए. जिल्हाधिकारी देतात, कर्नाटकच्या 1964 च्या भूमहसूल कायद्याच्या कलम 95 खाली. त्यानं फक्त जमीन बिगरशेती होते. तिचे प्लॉट पाडायचे तर रस्ते, गटार, उद्यानाच्या जागेसह लेआऊटचा नकाशा 1961 च्या नगररचना कायद्याच्या कलम 17 खाली बुडाकडून मंजूर व्हावा लागतो. बुडाचा अध्यक्ष राज्य सरकार नेमतं, मंडळावर स्थानिक आमदार असतात, रोजचा कारभार आयुक्त बघतात. पण नकाशावर वजन असतं ते मंडळावरच्या नगररचना सदस्याच्या शेऱ्याला. विकणाऱ्याकडे तीन गोष्टी मागा:

- मंजूर नकाशाची शिक्क्याची प्रत
- बुडानं विक्रीसाठी प्लॉट सोडल्याचं पत्र, त्यात तुमच्या प्लॉटचा नंबर (रस्ते-गटाराची कामं होतील तसे प्लॉट टप्प्याटप्प्यानं सोडतात, लोक फसतात ते इथंच)
- मास्टर प्लॅनमधला झोन (ती जागा निवासी, शेती की आणखी कशासाठी दाखवलीय ते)

मंजूर लेआऊटशिवाय नुसत्या बॉण्डवर (स्टॅम्प पेपरवरच्या करारावर) गुंठा-दोन गुंठे घेतलेत तर पुढे खाते उतारा (मालकाच्या नावाची नोंद) आणि बांधकाम परवाना दोन्ही अडतात. गाव बुडाच्या नियोजन क्षेत्राबाहेर असेल तर मात्र मंजुरीचं ऑफिस वेगळं. ते आधी सर्व्हे नंबर दाखवून विचारा. घराच्या बांधकामाचा परवाना वेगळा, तो साधारणपणे महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा.