वास गेला, शिसं राहिलं

गणपती महिन्यावर आले की मला येणाऱ्या पत्रांनाच टर्पेंटाईनचा वास यायला लागतो. ऐन पावसात, खिडक्या लावून, घरात माणसं असताना रंग द्यायचा ही ठाणे-नवी मुंबईकरांची जुनी खोड. रंगांच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, त्यावरून सांगते: नाक फार कच्चं यंत्र आहे. तुमचे बहुतेक प्रश्न वासाचे आहेत, आणि मला ज्याची धास्ती वाटते त्याला वासच नसतो.

कळव्याच्या वाचक विचारतात: भिंतींना प्लॅस्टिक पेंट आणि दारांना ऑइलपेंट दिलाय. घरात झोपायला कधी जावं?

खिडक्या उघड्या असतील तर भिंतींच्या रंगाला दोन-तीन दिवस, ऑइलपेंटला आठवडा, पावसाळी हवेत त्याहून जास्त. घरात दमेकरी, गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर दिवस डॉक्टरांना विचारून ठरवा, पेंटरला विचारून नाही.

मानपाड्याहून: खोलीत कापलेला कांदा किंवा लिंबू घातलेलं बादलीभर पाणी ठेवलं तर वास शोषला जातो, हे खरं का?

नाही. कांदा भाजीत घाला.

कुंड्यांचंही तेच. नासाने १९८९ साली बंद पेटीत झाडं ठेवून केलेल्या प्रयोगाच्या जोरावर नर्सरीवाले अजून रोपं विकतायत. तुमचं घर म्हणजे बंद पेटी नव्हे. एक उघडी खिडकी त्या सगळ्या कुंड्यांना भारी पडते.

ऐरोलीहून: रात्री एमआयडीसीकडून केमिकलचा वास येतो, डासही आहेत, म्हणून खिडक्या बंद ठेवून एसी लावतो. नव्या रंगाला एवढं पुरेल ना? एअर प्युरिफायरही आहे.

पुरणार नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच गार करून परत सोडतो. म्हणजे रात्रभर तुम्ही तोच वाफारा गार करून घेताय. प्युरिफायरचा हेपा फिल्टर धूळ पकडतो, वाफ नाही. त्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बनचा, म्हणजे वाफ शोषणाऱ्या खास कोळशाचा जाड थर लागतो, आणि स्वस्तातल्या यंत्रात तो नावापुरता असतो. रंगकाम सकाळी उरका. दुपारभर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, एका खिडकीत टेबल फॅन बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा आणि आठवडाभर दुसऱ्या खोलीत झोपा. बाहेरच्या वासाची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तारीख-वेळ लिहून करा. तो वेगळा विषय आहे, रंगाच्या खात्यावर घालू नका.

वाशीच्या एक आजी लिहितात: आमचं सिडकोचं घर १९८०च्या सुमाराचं. लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला येतेय, तिची खोली रंगवून घेतोय. खिडक्यांच्या गजांवर आणि चौकटींवर जुन्या पिवळ्या, हिरव्या ऑइलपेंटचे थर आहेत. पेंटर म्हणतो मशीनने घासून साफ करतो, धूळ झाडून टाकू. चालेल ना?

आजी, पेंटरला आजच फोन करून थांबवा. मशीन नको, कोरडा पॉलिशपेपर नको, बर्नरने जाळणं तर मुळीच नको.

आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर कायद्याने बंधन आलं ते १ नोव्हेंबर २०१७ पासून. मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये ही मर्यादा कित्येक पटींनी ओलांडलेली असू शकते, आणि त्यातही पिवळा, नारिंगी, हिरवा हे रंग पहिले संशयित. तो झळझळीत पिवळा म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचंच संयुग. त्यातच निळा मिसळून हिरवा करत. खाली गंजाविरुद्धचं शेंदरी अस्तर असेल तर तेही तपासा. मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साईडच, आणि लोखंडाला अस्तर म्हणून तोच वापरत. आजचा रेड ऑक्साईड लोखंडाचा असतो, नुसतं बघून दोन्ही ओळखू येत नाहीत.

हा रंग गजांवर, चौकटींवर गप्प बसलाय तोवर फारसं बिघडत नाही. घासला की त्याची पीठासारखी धूळ होते. ती फरशीच्या सांध्यांत, गादीवर, पडद्यांत जाऊन बसते. रंगकाम संपतं, वास जातो, घर झकास दिसतं, आणि वर्षभरात बाळ त्याच फरशीवर रांगतं, हात तोंडात घालतं. लहान मुलांचं शरीर शिसं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषतं आणि त्याचा घाव वाढत्या मेंदूवर पडतो. रक्तात एवढं शिसं चालतं, अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेला आजवर ठरवता आलेली नाही. आईच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर ते शरीरात आणखी मुरतं, आणि ते कमी असणं आपल्या लेकीबाळींत नवीन नाही.

मग करायचं काय? जुना थर घट्ट असेल तर हलवू नका, ओल्या फडक्याने पुसून त्यावरच नवा हात द्या. पोपडे सुटत असतील तर पाण्याचा फवारा मारून, ओलं ठेवून पत्र्याने खरवडायचं, खाली जाड प्लॅस्टिक अंथरायचं, सामान बाहेर काढायचं आणि दार बंद ठेवायचं. केरसुणी लावायची नाही, साबणाच्या पाण्याने दोनतीनदा पुसायचं, फडकी टाकून द्यायची. पेंटरलाही सांगा की कामाचे कपडे घरच्या धुण्यात घालू नको, त्याच्या घरीही मुलं आहेत. आधी एक पोपडा प्रयोगशाळेत तपासून घेतलात तर सगळ्यात उत्तम. लेक येईल ती सगळी साफसफाई झाल्यावर. घासकाम आधीच झालं असेल आणि ती घरात असेल, तर तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगा आणि रक्तातलं शिसं तपासायचं का ते विचारा.

दुकानदार ‘लेड-फ्री’चा शिक्का दाखवून पाण्यातला रंग महाग विकेल. भिंतीच्या पाण्यातल्या रंगात शिशाचा प्रश्न तसाही क्वचितच होता, आणि मर्यादा पाळणं आता कायद्यानेच बंधनकारक आहे. तो शिक्का ऑइलपेंटच्या डब्यावर शोधा, तोही अनोळखी छोट्या कंपनीचा असेल तर जास्तच बारकाईने.

खारघरहून: झिरो व्हीओसी, म्हणजे वाफ होणारी रसायनं शून्य, असा रंग लावला, तरी डोळे चुरचुरतात. फसवलं का?

थोडंफार. ‘झिरो’ बहुधा डब्यातल्या पांढऱ्या रंगापुरतं असतं, तुमची गडद छटा करायला दुकानात जे टिंट घालतात त्यातून वाफ येऊ शकते. पण तुम्ही पत्रात सहज लिहिलंय की मॉड्युलर किचन आणि कपाटंही नवीन आहेत. मला संशय त्यांचा. प्लायवूड, एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचे तक्ते) यांच्या गोंदातून फॉर्माल्डिहाईड हा झोंबणारा वायू महिनोन्‌महिने सुटतो, दमट उकाड्यात जास्तच. कपाटं उघडी ठेवा, उघड्या कडा सील करून घ्या. चुरचुर थांबली नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

नौपाड्याहून: पेंटरने थिनर पाण्याच्या बाटलीत ठेवलं होतं, चार वर्षांच्या नातवाने घोट घेतला. मीठपाणी देऊन ओकारी काढली, आता खोकतो. काय द्यावं?

पत्र लिहायला वेळ मिळाला, दवाखान्यात जायला नाही? तुम्हाला उत्तर मी फोनवर दिलंय, इथे बाकीच्यांसाठी छापतेय. ओकारी कधीही काढायची नाही. थिनर किंवा टर्पेंटाईन पोटापेक्षा फुप्फुसात जास्त घात करतं, आणि ओकारीबरोबर ते तिथेच उतरतं. दूध नाही, तूप नाही, मीठपाणी नाही. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा, डबा बरोबर न्या. मूल खेळत असलं तरी न्या, त्रास काही तासांनीही सुरू होतो. आणि असली द्रव्यं पिण्याच्या बाटलीत ठेवणाऱ्या पेंटरला घरात घेऊ नका.

कोपरखैरण्याहून: आमचा पॉलिशवाला तोंडाला रुमाल बांधतो आणि वर गूळ खातो. म्हणतो, गुळाने छाती साफ होते.

गूळ घशात जातो, धूळ छातीत. दोघांची गाठच पडत नाही. रुमाल वाफेला कुचकामी, एन-९५ फक्त धुळीला. पॉलिशला कोळशाच्या डबीचा मास्क लागतो. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश असेल तर त्यातल्या आयसोसायनेट या रसायनाने कायमचा दमा जडू शकतो. त्याला छाती घट्ट होते का विचारा, आणि होत असेल तर काम थांबवून डॉक्टरांकडे पाठवा. मास्कचा खर्च तुम्ही करा.

वर्तकनगरहून: उरलेला रंग बेसिनमध्ये ओतला तर चालेल?

नाही, तो खाडीत जातो. पाण्यातला रंग वाळूत किंवा भुशात कालवून वाळू द्या. थिनर निवळलं की वरचं नितळ परत वापरा, खालचा गाळ डब्यातच घट्ट झाकून ठेवा. डबे ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका, ते घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. तो तुमच्या भागात कोण घेतं हे प्रभाग कार्यालयात विचारा.