ड्रेसाज टेस्टच्या क्लिनिकवर पैसे घालावेत का?

ड्रेसाज टेस्ट म्हणजे रिंगणात घोड्यावरून ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, आणि क्लिनिकमध्ये ती परीक्षकासमोर करून बघता येते. पैसे घालावेत, पण आधी कँटरला, म्हणजे हलक्या दौडीला, घोडा तुझ्या हातात राहतो का ते बघ. तो सुसाट सुटत असेल तर तेच पैसे नेहमीच्या शिक्षकाकडे चार जादा तासांना घाल. परीक्षकही तुला तेवढंच सांगणार.

वॉक, ट्रॉट आणि कँटर या तिन्ही चाली जमतात आणि महिन्याभरात स्पर्धा आहे, तर मात्र जरूर जा. शिक्षक आपल्याला रिंगणाच्या मधून बघतो, परीक्षक 'सी'पाशी, म्हणजे एका आखूड कडेच्या मधोमध बसून. फरक तिथेच पडतो. माझ्या पहिल्या क्लिनिकमध्ये 'ए'वरच्या, म्हणजे समोरच्या आखूड कडेजवळच्या, २० मीटरच्या वर्तुळाला मला १० पैकी ५ गुण मिळाले. मला वाटलं, घोडी ताठ चालली म्हणून. परीक्षक बाईंनी चार शंकू मांडले. २० बाय ४० च्या रिंगणात ते वर्तुळ 'एक्स'ला, म्हणजे रिंगणाच्या मध्याला टेकतं, लांब कडांना कोपऱ्यापासून १० मीटरवर टेकतं, आणि कोपरे सुटतात. मी दोन्ही कोपऱ्यांत शिरत होते! दुसऱ्या फेरीत त्याच घोडीवर ६.५ मिळाले.

म्हणून पैसे भरण्याआधी विचार, की टेस्ट पुन्हा करायला मिळते का. नुसती गुणपत्रिका हातात देणार असतील तर ती स्पर्धेतही मिळते.

हात आखडता असेल तर एखाद्या स्पर्धेत परीक्षकाचा लेखनिक म्हणून बसायला मिळतं का विचार. प्रत्येक हालचालीला १० पैकी गुण आणि शेरा, परीक्षक बोलणार आणि तू लिहायचं. एका सकाळीत नजर खूप तयार होते.