8 ओहमचे चार स्पीकर गिटारच्या कॅबिनेटमध्ये कसे जोडावेत?

तुमच्याकडे 8 ओहमचे, 12 इंची, एकसारखे चार स्पीकर आहेत, 50 वॉटच्या ट्यूब अँपला 4, 8 आणि 16 ओहमचे सॉकेट आहेत, आणि चारही स्पीकर समांतर जोडल्यास आवाज वाढेल का, असे तुम्ही विचारले आहे. कृपया तसे करू नका. समांतर जोडणीत एकूण इंपिडन्स (म्हणजे स्पीकरचा विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, अँपवरचा भार) 2 ओहम होईल, आणि तेवढ्या कमी भारासाठी तुमच्या अँपवर सोयच नाही. चारही एकसर जोडले, तर 32 ओहम होतील, तेही निरुपयोगी.

दोन-दोनच्या जोड्या कराव्यात. जोडीतल्या पहिल्या स्पीकरच्या ऋण टर्मिनलवरून वायर दुसऱ्याच्या धन टर्मिनलवर न्यावी, म्हणजे प्रत्येक जोडी 16 ओहमची होते. मग दोन्ही जोड्यांची मोकळी धन टोके कॅबिनेटच्या जॅकच्या टिपला (प्लगच्या टोकाला टेकणारा भाग) आणि ऋण टोके स्लीव्हला (प्लगच्या दांड्याला टेकणारा भाग) जोडली, की 8 ओहम मिळतात.

आधी समांतर आणि मग एकसर असा उलटा क्रम घेतला तरी आकडा 8 च येतो, म्हणून अनेकजण दोन्ही पद्धती सारख्याच मानतात. पण एखाद्या स्पीकरची कॉइल तुटली की फरक कळतो. मी सांगितलेल्या जोडणीत त्या स्पीकरची संपूर्ण जोडी बंद पडते, भार 16 ओहम होतो आणि अर्धे कॅबिनेट गप्प झाल्याने बिघाड लगेच लक्षात येतो. उलट्या क्रमात तीन स्पीकर वाजत राहतात, भार 12 ओहम होतो आणि तुटलेल्याच्या जोडीदारावर एकट्यावर दोन-तृतीयांश शक्ती येते. तोही जळण्याची शक्यता वाढते, म्हणून मी पहिलाच क्रम पसंत करतो.

सोल्डर झाल्यावर प्लगच्या टिप आणि स्लीव्हवर मल्टिमीटर लावून पाहावे. मीटर फक्त कॉइलचा रोध मोजतो, त्यामुळे 8 ओहमच्या जागी साधारण 6 ते 7 दिसले तर जोडणी ठीक आहे. 13 च्या आसपास दिसले तर एक जोडी कुठेतरी सुटली आहे. नंतर दीड व्होल्टचा सेल प्लगला क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक टिपला असताना चारही स्पीकरचे कोन (पुढचे कागदी पडदे) बाहेरच्या दिशेने हलले पाहिजेत. एक जरी आत गेला, तरी त्याच्या वायर उलट लागल्या आहेत आणि खर्जाचा आवाज पोकळ येईल.

तुम्ही मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून वायर घेणारच आहात, तर 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर घ्यावी. अँप ते कॅबिनेट गिटारची केबल मात्र वापरू नये, कारण तिची आतली तार फार बारीक असते. वरळीच्या खाऱ्या हवेत टर्मिनल काळे पडतात. ते पॉलिश पेपरने घासूनच सोल्डर करावे.

कॅबिनेटचा प्लग 8 ओहमच्या सॉकेटमध्ये घट्ट बसला आहे, हे पाहिल्याशिवाय अँप चालू करू नये. भाराविना वाजवलेल्या ट्यूब अँपच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतके चढू शकते की त्याचे इन्सुलेशन फुटते.